बेसाल्ट आणि ग्रॅनाइट: तुलनेच्या प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

बेसाल्ट आणि ग्रॅनाइट या दोन अग्निजन्य खडकांची तुलना, असा प्रकल्पाचा विषय आज नक्की झाला. पाठ्यपुस्तकात हा विषय एका तक्त्यात संपतो. बेसाल्ट काळा, बारीक कणांचा, वजनाला जड आणि पृष्ठभागावर आलेला लाव्हा थिजून झालेला. ग्रॅनाइट फिका, मोठ्या दाण्यांचा, तुलनेने हलका आणि जमिनीखाली खोलवर थिजलेला. तक्ता चुकीचा नाही, पण त्यातील कोणता फरक कशामुळे पडला हे त्यावरून कळत नाही. म्हणून जमतील तेवढ्या ओळी स्वतः मोजून तपासायच्या आणि प्रत्येक फरकापुढे त्याचे कारण लिहायचे, असे ठरवले आहे.

तीन प्रकारचे नमुने हाताशी आहेत. पहिला ग्रॅनाइटचा, गुलाबी-पांढरा, काळ्या ठिपक्यांचा, एक बाजू घासून गुळगुळीत केलेला. दुसरे बेसाल्टचे दोन तुकडे. तिसरा तुकडा फरशी कापताना उरलेला असून त्यावरील चिठ्ठीवर ‘काळा ग्रॅनाइट’ असे लिहिले आहे. केवळ रंगावर विसंबून निष्कर्ष काढला जाऊ नये, यासाठी हा ग्रॅनाइटचा दुसरा नमुना म्हणून ठेवला.

९ जानेवारी

आजचा दिवस दहापट भिंगाखाली गेला. ग्रॅनाइटमध्ये तीन गोष्टी लगेच वेगळ्या ओळखता आल्या. राखाडी, काचेसारखे दिसणारे दाणे क्वार्ट्झचे. ते जिथे फुटले आहेत तिथे सपाट पृष्ठ न दिसता शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वक्र भाग दिसतो. गुलाबी आणि दुधी दाणे फेल्स्पारचे. नमुना दिव्याखाली हळूहळू फिरवला की एका ठरावीक कोनात अख्खा दाणा आरशासारखा चमकतो आणि अंशभर पुढे जाताच विझतो, कारण तो सपाट पाटनपृष्ठांवर फुटलेला असतो. काळे ठिपके कृष्णाभ्रकाचे निघाले. सुईच्या टोकाने त्यांतील एक पापुद्रा उचलला, तर तो कांद्याच्या सालीइतका पातळ आणि उजेडाकडे धरल्यावर तपकिरी दिसला. पोलादी सुरीने क्वार्ट्झ आणि फेल्स्पार दोन्ही ओरखडले गेले नाहीत. उलट सुरीचाच करडा माग त्यांच्यावर उमटला.

एक बारकावा मुद्दाम लिहून ठेवतो. फेल्स्पारच्या कित्येक दाण्यांना सरळ कडा आहेत, क्वार्ट्झला मात्र स्वतःचा असा आकारच नाही. इतरांनी सोडलेल्या फटीत तो कसाबसा मावला आहे. म्हणजे तो बहुधा शेवटच्या टप्प्यात स्फटिकला. मागाहून आलेल्याला मिळेल त्या जागेत बसावे लागते.

बेसाल्टबाबत लिहिण्यासारखे थोडेच आहे. काळसर, एकजीव दिसणारा पृष्ठभाग, त्यात सुईच्या टोकाएवढ्या चकाकी आणि मधूनच एखादा हिरवट, कडेने गंजल्यासारखा तांबूस पडलेला ऑलिव्हीन या खनिजाचा दाणा. भिंग इथे अपुरे पडते.

१३ जानेवारी

घनता मोजली. पद्धत साधी आहे. पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, नमुना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून तळाला न टेकवता लटकत धरायचा. काट्यावर जो आकडा येतो तो नमुन्याने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाचा, म्हणजेच घन सेंटिमीटरमध्ये नमुन्याच्या आकारमानाचा.

ग्रॅनाइट २१४.६ ग्रॅम, पाण्यातील आकडा ८१.३, घनता २.६४. ग्रॅनाइटची घनता सामान्यतः २.६ ते २.७ असते, तेव्हा हे ठीकच आहे. बेसाल्टचा पहिला तुकडा १८७.२ ग्रॅम, आकडा ७१.५, घनता २.६२. हे मात्र बसत नाही. बेसाल्ट २.८ ते ३.० च्या आसपास असायला हवा आणि इथे तो ग्रॅनाइटपेक्षाही हलका ठरतो आहे. पृष्ठभागाला बुडबुडे चिकटले असतील म्हणून ब्रशने ते काढून तीन वेळा पुन्हा मोजले. दुसऱ्या दशांशातही फरक पडला नाही.

‘काळा ग्रॅनाइट’ २५६.९ ग्रॅम, आकडा ८६.४, घनता २.९७. एका दुपारी दोन नमुने उलटे वागले. बेसाल्ट ग्रॅनाइटसारखा हलका आणि ग्रॅनाइट बेसाल्टसारखा जड! चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी अशी शंका क्षणभर आली, पण त्या दोहोंतील एक तुकडा चकचकीत फरशीचा असल्यामुळे तशी शक्यता नव्हती.

१७ जानेवारी

बेसाल्टचे कोडे सुटले. तो तुकडा हातोडीने फोडला तेव्हा आत मोहरीपासून मुगाच्या दाण्यापर्यंतच्या आकाराच्या गोलसर पोकळ्या दिसल्या, ज्यांचा बाहेरून पत्ताच लागत नव्हता. लाव्हा वर येताना दाब कमी होतो, त्यात विरघळलेली वाफ आणि इतर वायू सुटे होऊन त्यांचे बुडबुडे बनतात आणि खडक थिजला की ते तिथेच कुहरांच्या रूपाने अडकतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होते तेच, फक्त इथे द्रव मध्येच दगड होतो. बंद कुहरांत पाणी शिरत नसल्यामुळे माझ्या मोजणीत ती खडकाच्या आकारमानातच धरली गेली.

तपासण्यासाठी त्याच तुकड्याची ५० ग्रॅम भरड पूड मोजपात्रातील पाण्यात टाकली. पाणी १७.५ मिलिलिटरने चढले, म्हणजे घनता सुमारे २.८६. बेसाल्टचा दुसरा, भरीव तुकडा २०३.८ ग्रॅमचा असून त्याचा आकडा ७०.२ आला, घनता २.९०. भरीव बेसाल्ट २.९० धरला तर पहिल्या तुकड्याचा जवळजवळ दहावा हिस्सा निव्वळ पोकळी होता. माझी मोजणी बरोबर होती, पण मी खडकाची आणि त्यातील हवेची घनता एकत्र मोजत होतो.

ही कुहरे स्वतःच एक पुरावा आहेत. ग्रॅनाइट कित्येक किलोमीटर खोलीवर, वरच्या खडकांच्या दाबाखाली थिजतो, त्यामुळे त्यात अशी जाळी सहसा आढळत नाही. ‘काळ्या ग्रॅनाइट’चा निकाल अजून लागलेला नाही.

२२ जानेवारी

ग्रॅनाइटच्या घासलेल्या बाजूवर ४ मिलिमीटर अंतराच्या चौकटींची पारदर्शक जाळी ठेवून ४०० छेदबिंदूंखाली कोणते खनिज येते ते मोजले. काम कंटाळवाणे आहे. दीडशेच्या पुढे डोळ्यांना सगळेच राखाडी दिसू लागते आणि दर शंभर बिंदूंनंतर थांबावे लागते. शेवटी क्वार्ट्झ ११८, गुलाबी फेल्स्पार १४६, पांढरा फेल्स्पार १०४ आणि कृष्णाभ्रक व इतर काळी खनिजे ३२, अशी विभागणी झाली.

गुलाबी तो पोटॅशियम फेल्स्पार आणि पांढरा तो प्लॅजिओक्लेज, ही वाटणी रंगावर केलेली असल्यामुळे पूर्ण भरवशाची नाही, कारण पोटॅशियम फेल्स्पार पांढराही असतो. शंका आली तिथे भिंगाखाली पाटनपृष्ठावर बारीक समांतर रेषा दिसतात का ते पाहिले. जुळ्या स्फटिकांमुळे पडणाऱ्या या रेषा प्लॅजिओक्लेजची खूण मानली जाते.

आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात काळी खनिजे वगळून क्वार्ट्झ २० ते ६० टक्के आणि एकूण फेल्स्पारमध्ये प्लॅजिओक्लेज १० ते ६५ टक्के असेल, तर खडकाला ग्रॅनाइट म्हणतात. माझ्या नमुन्यात क्वार्ट्झ ३२ टक्के भरतो आणि प्लॅजिओक्लेजचा वाटा ४१.६ टक्के येतो. नमुना पहिला, सर्व कसोट्यांवर ग्रॅनाइट.

मग तीच जाळी फरशीच्या तुकड्यावर ठेवली. ४०० बिंदूंत क्वार्ट्झ एकदाही आला नाही.

२३ जानेवारी

मार्गदर्शक सरांना तुकडा दाखवला. त्यांनी तो हातात तोलला, खिडकीपाशी नेऊन तिरपा धरला आणि विचारले, “याला ग्रॅनाइट कोणी म्हटले?” दगडाच्या व्यापारात कठीण आणि चांगली झिलई घेणाऱ्या कोणत्याही भरडकणी खडकाला ग्रॅनाइट म्हणण्याची पद्धत आहे, ‘काळा ग्रॅनाइट’ या नावाने जे विकले जाते ते पुष्कळदा गॅब्रो किंवा डोलेराइट असते, असे त्यांनी सांगितले. आमचा तुकडा गॅब्रो असावा: दाणे २ ते ३ मिलिमीटरचे, क्वार्ट्झ नाही, घनता २.९७. पांढरा फेल्स्पार दिसत नाही म्हणून मी गोंधळलो होतो, पण अशा खडकांतील प्लॅजिओक्लेज आतल्या सूक्ष्म लोहखनिजांमुळे स्वतःच काळपट दिसू शकतो.

सुरुवातीला हा नमुना प्रकल्पातून काढून टाकावा असे मनात आले. रात्री वही उघडल्यावर उलट वाटू लागले. गॅब्रोची खनिजे आणि रासायनिक घटक बेसाल्टचेच असतात, दाणे मात्र ग्रॅनाइटसारखे मोठे असतात. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट शेजारी ठेवले की दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात: घटक आणि गार होण्याचा वेग. त्यामुळे कोणता फरक कशाचा हे ठरवणे अशक्य होते. मध्ये गॅब्रो ठेवला की गुंता सुटतो. बेसाल्ट-गॅब्रो जोडीत घटक तेच राहतात, फक्त कणांचा आकार बदलतो. गॅब्रो-ग्रॅनाइट जोडीत कण सारख्या प्रतीचे राहतात, फक्त घटक बदलतात. चुकीची चिठ्ठी लागलेला हा तुकडाच प्रकल्पातील सर्वांत उपयोगी नमुना ठरणार, असे दिसते.

३० जानेवारी

तिन्ही खडकांचे पातळ काप तयार होऊन आले. हे काप ०.०३ मिलिमीटर जाडीचे असतात आणि एवढ्या पातळपणात काळा खडकही पारदर्शक होतो. खडकांचे असे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा पायंडा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी १८५० च्या सुमारास पाडला.

बेसाल्ट पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने ‘दिसला’. भिंगाखाली जो नुसता काळोख होता, तिथे प्लॅजिओक्लेजच्या शेकडो सडपातळ कांड्या इकडेतिकडे विखुरल्या आहेत, जणू काड्यापेटी जमिनीवर उपडी केली आहे. त्यांच्या मधल्या त्रिकोणी फटींत पायरोक्सीन या खनिजाचे कण आणि प्रकाश अजिबात न जाऊ देणारे लोहखनिजाचे ठिपके. ध्रुवित प्रकाशात तबकडी फिरवली की कांड्यांतील जुळे पट्टे आळीपाळीने काळे-पांढरे होतात आणि ऑलिव्हीनचा एखादा दाणा निळ्या-जांभळ्या रंगांनी पेटून उठतो. गॅब्रोमध्ये तीच पात्रे आहेत, पण प्रत्येक पात्र इतके मोठे की एका वेळी दोन-तीनच दाणे दृष्टिक्षेत्रात मावतात. पायरोक्सीनमधील जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या पाटनरेषा इथे स्पष्ट मोजता आल्या. ग्रॅनाइटमध्ये पात्रेच बदलतात. क्वार्ट्झ फिक्या राखाडी-पांढऱ्या छटांपलीकडे जात नाही, आणि कापडावरच्या चौकडीसारखी नक्षी दाखवणारा मायक्रोक्लीन हा पोटॅशियम फेल्स्पार ठिकठिकाणी दिसतो.

बेसाल्टमधील कण सरासरी ०.२ मिलिमीटरचे, ग्रॅनाइटचे दाणे सुमारे ४ मिलिमीटरचे. लांबीत फरक २० पटींचा. आकारमानात तो ८,००० पट होतो. ग्रॅनाइटच्या एका दाण्याच्या जागेत बेसाल्टचे ८,००० कण मावतील.

४ फेब्रुवारी

गार होण्याच्या वेळेचा ढोबळ हिशेब केला. खडकातून उष्णता फार सावकाश पसरते. तिचा विसरणांक (पसरण्याच्या वेगाचे माप) सेकंदाला सुमारे एक चौरस मिलिमीटर आहे. वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मीटर अंतरासाठी १० लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस. १० मीटरसाठी तीन वर्षांहून थोडे अधिक. १ किलोमीटरसाठी सुमारे ३२ हजार वर्षे. जाडी दहापट झाली की वेळ शंभरपट होतो.

हवाईमधील किलाउआ इकी या विवरात १९५९ च्या उद्रेकात शंभर मीटरांहून खोल लाव्हाचे तळे साचले आणि त्यात वेळोवेळी छिद्रे पाडून ते कसे थिजत गेले याचा अभ्यास झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे ३५ वर्षांत, ते पूर्ण घट्ट झाले. निम्मी खोली ५५ मीटर धरून माझ्या सूत्राने ९६ वर्षे येतात. सूत्र फक्त अंदाजाची पायरी सांगते, आणि तिथे पावसाचे पाणी भेगांतून आत जाऊन उष्णता पळवत होते हेही त्यात धरलेले नाही. तरीही दशके आणि दहा हजारो वर्षे यांतील अंतर त्याने पुरेसे दिसते.

८ फेब्रुवारी

सॅलॉल हे रसायन ४२ अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेला एकेक थेंब बर्फावर थंड केलेल्या आणि कोमट केलेल्या काचपट्टीवर टाकून दोहोंत बीज म्हणून एकेक स्फटिककण सोडला. थंड पट्टीवर काही क्षणांत बारीक कणांचा दाट थर बसला. कोमट पट्टीवर बराच वेळ काहीच घडेना, आणि मग मोजकेच स्फटिक रुंद होत गेले. थेंब तोच, घटक तेच. फार थंड द्रवात एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिक सुरू होतात आणि एकमेकांची जागा अडवतात. हेच खरे कारण असून ‘वाढायला वेळ मिळाला नाही’ हे त्याचे अर्धेच वर्णन आहे.

मात्र मोठा दाणा म्हणजे अतिसंथ गार होणे, हे समीकरण सगळीकडे लावता येत नाही. पेग्मटाइट या ग्रॅनाइटच्याच जातीच्या खडकात कधीकधी मीटरभर लांबीचे स्फटिक सापडतात, आणि त्यांचे श्रेय मुख्यतः शिलारसात साठलेल्या पाण्याला व इतर बाष्पशील द्रव्यांना दिले जाते.

१२ फेब्रुवारी

जो प्रयोग मी सॅलॉलवर केला तो स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हॉल यांनी १७९८ मध्ये प्रत्यक्ष बेसाल्टी खडकावर केला होता. त्या काळी बेसाल्ट समुद्राच्या पाण्यातून साक्याप्रमाणे जमला असे मानणारा जर्मन भूवैज्ञानिक वेर्नर यांचा पंथ प्रबळ होता. याउलट स्कॉटिश भूवैज्ञानिक जेम्स हटन यांनी १७८५ मध्ये स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्ट दरीत ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकांत घुसलेल्या पाहिल्या आणि ग्रॅनाइट कधीकाळी वितळलेला होता असे मत मांडले. त्यावर आक्षेप असा होता की वितळलेला दगड गार झाला तर काच होईल, खडक होणार नाही. हॉल यांनी भट्टीत दगड वितळवून दाखवले की झटकन गार केला तर काच मिळते आणि सावकाश गार केला तर पुन्हा दगडासारखा स्फटिकी पदार्थ मिळतो. भट्टीतील छोट्या प्रयोगांवरून पृथ्वीच्या घडामोडी जोखणे हटन यांना पसंत नव्हते; त्यांचा मान राखून हॉल १७९७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत थांबले.

१८ फेब्रुवारी

आता दुसरी जोडी, म्हणजे घटकांतील फरक. बेसाल्टमध्ये सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग) ४५ ते ५२ टक्के, ग्रॅनाइटमध्ये ७० टक्के किंवा त्याहून अधिक. या एका आकड्यामागे पुष्कळ काही येते. सिलिका कमी म्हणजे लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम जास्त. म्हणून जड, काळी खनिजे जास्त आणि क्वार्ट्झला सिलिका उरतच नाही. कागदावर घेतलेल्या पुडीखालून चुंबक फिरवला तर बेसाल्टच्या पुडीचे काळे कण चुंबकामागे धावतात, ग्रॅनाइटच्या पुडीत क्वचित एखादा हलतो. रंगावर मात्र भिस्त ठेवू नये: ऑब्सिडियन ही काळीभोर ज्वालामुखी काच असते आणि तिचे घटक सामान्यतः ग्रॅनाइटच्याच वळणाचे असतात.

घटक आणि गार होण्याचा वेग या दोन स्वतंत्र बाबी आहेत, असे २३ जानेवारीला गृहीत धरले होते. ते अर्धेच खरे ठरले. तसे असते तर घटक आणि वेग यांच्या चारही जोड्या निसर्गात सारख्याच प्रमाणात आढळायला हव्या होत्या. ग्रॅनाइटच्या घटकांचा लाव्हा थिजून होणारा रायोलाइट हा खडक आहे, पण पृष्ठभागावर बेसाल्टचे राज्य आहे (महासागरांचा तळ जवळपास सगळा त्याचाच) आणि खंडांच्या कवचात ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकांचे. याचे एक कारण घट्टपणा: सिलिकॉन-ऑक्सिजनचे चतुष्फलक एकमेकांना जोडून साखळ्या करतात, सिलिका जितकी जास्त तितके हे जाळे दाट, त्यामुळे ११०० ते १२०० अंशांचा बेसाल्टी लाव्हा मधासारखा वाहतो आणि ग्रॅनाइटी रस त्याहून लाखो पटींनी घट्ट असतो.

दुसरे कारण मला अधिक आवडले. कोरडा ग्रॅनाइट वितळायला सुमारे ९५० अंश लागतात, पण खोलवरच्या दाबाखाली पुरेसे पाणी असेल तर ६५० ते ७०० अंशही पुरतात. टटल आणि बोवेन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हे पक्के केले. हा ओला रस वर सरकू लागला की दाब उतरतो, पाणी त्यातून निसटते, थिजण्याचे तापमान चढते आणि रस फारसा गार न होताही वाटेतच थिजतो. बेसाल्टचा जवळजवळ कोरडा रस वर येताना दाब उतरल्यावर थिजण्यापासून आणखी दूर जातो आणि थेट पृष्ठभाग गाठतो. म्हणजे ग्रॅनाइटचे मोठे दाणे त्याच्या खोलीमुळे आहेत, आणि ती खोली बऱ्याच अंशी त्याच्या घटकांमुळे. तक्त्याच्या ज्या दोन ओळी मी महिनाभर वेगळ्या करत होतो, त्यांना निसर्गाने मुळातच एकमेकींशी बांधले आहे.

२१ फेब्रुवारी

मांडणीची पेटी तयार केली. बेसाल्ट डावीकडे, ग्रॅनाइट उजवीकडे, मध्ये फरशीचा तुकडा. फोडलेल्या बेसाल्टचा अर्धा भाग कुहरे दिसतील असा ठेवला आणि त्याखाली २.६२, २.८६ व २.९० असे तिन्ही आकडे लिहिले. फरशीच्या तुकड्यावरची जुनी चिठ्ठी काढली नाही; ‘काळा ग्रॅनाइट’वर एक रेघ मारून खाली ‘गॅब्रो’ लिहिले. रायोलाइटची चौथी जागा रिकामी आहे. त्याचा नमुना मिळाल्यावर त्याची घनता मोजण्यापूर्वी तो आधी फोडून पाहायचा आहे.